थुंकलेली चिमूट

भूमच्या खवाबाजारात माल तोंडानं विकत नाहीत, तळहातानं विकतात. विकणारीनं पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करायचं, गोळ्याच्या पोटातून चिमूट काढायची आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची. गिऱ्हाईक ती अंगठ्यानं चोळणार, तूप सुटतं का बघणार, हुंगणार आणि तोंडात टाकणार. पसंत पडली तर भावाचं बोलणं सुरू. नाही पडली तर गिळून मुकाट पुढं व्हायचं. चिमूट थुंकायची मात्र नसते. कुण्या बाईनं धुरात डोळे लाल करून आटवलेलं दूध असतं ते. न आवडणं वेगळं आणि थुंकणं वेगळं, एवढी अक्कल त्या बाजारात शेंबड्या पोरालाही आहे.

गजराबाईच्या पाटीतली चिमूट एकदा थुंकली गेली. भर बाजारात, चारचौघांत. थुंकणारा होता सिद्धेश्वर अडत्या. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण गजराबाईनं ती शिळी होऊ दिली नाही. कुणी समजुतीच्या सुरात ‘जाऊ द्या आता’ म्हणालं, की त्या माणसाच्या दारावरून जाणंसुद्धा ती सोडून देई.

सिद्धेश्वर म्हणजे बाजाराची जीभ. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्या तोंडात कायम खवाच आहे. सगळे त्याला अप्पा म्हणत. सोलापूर-बार्शीचे हलवाई माल न बघता घेत, कारण अप्पानं चाखलाय. अप्पा म्हणाला दाणेदार, तर दाणेदार. अप्पानं नाक मुरडलं, तर ती पाटी संध्याकाळपर्यंत उन्हात. अशा माणसाला गजराबाईनं नाही म्हटलं होतं. ‘तुमचा सगळा खवा माझ्याच अडतीवर घाला,’ असं तो म्हणाला, आणि ती फाडकन बोलली, “माझा माल म्या इकीन. मधी कशाला कोण पायजे?” नवरा गेल्यावर तिनं भट्टी एकटीनं उभी केली होती, मुलगा चाकणला कंपनीत लागला होता. तिला कुणाची भीड बाळगायचं कारण नव्हतं. अप्पा तेव्हा हसला होता.

पुढच्याच बाजारी तो तिच्या पाटीपुढं आला. चिमूट घेतली, चोळली, तोंडात टाकली आणि पचकन तिच्या पायाशी थुंकला. तळहात तिच्याच पाटीवरच्या फडक्याला पुसला. म्हणाला फक्त एकच शब्द, “पीठ.” आणि त्याच्या पाठीला पाठ लावून तपासणीवाल्यांची जीप आली. भेसळीची तक्रार होती म्हणे. कुणाची? नाव सांगता येत नाही. गजराबाई ओरडत राहिली, अहो तुम्ही तरी चाखून बघा. जीपवाल्यांना चाखायचं काय पडलंय! बाजाराच्या कडेला खड्डा खणून त्यांनी सगळा खवा त्यात लोटला, वरून फिनेल ओतलं आणि भट्टीच्या दाराला सील ठोकलं. नमुना तपासायला नेला, त्याचा निकाल कधी आलाच नाही. निकाल नाही म्हणून सील निघत नाही, आणि सील आहे म्हणून बाई खोटी. तक्रार कुणी केली ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि बोलणं ह्यात भूमपासून धाराशिवपर्यंत अंतर आहे.

तिला हात दिला तो अन्वरीनं. पलीकडच्या गल्लीतली अन्वरी खवा करायला गजराबाईकडेच शिकली होती. पुढं नवऱ्याच्या, फिरोजच्या मागं लागून तिनं स्वतःची भट्टी टाकली. सील लागल्यावर ती आली आणि एवढंच म्हणाली, “आक्का, कोपऱ्यातली कढई रिकामी हाय. कवापासून येताव?” गजराबाई दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून कोपऱ्यातल्या कढईत दूध तिच्या हातानं आटू लागलं, पण पाटी अन्वरीची आणि नाव अन्वरीचं. गजराबाईच्या नावावर त्या बाजारात कुणी चिमूटसुद्धा घेतली नसती.

आणि गंमत बघा. अप्पाला अन्वरीचा खवा लई आवडू लागला. दर बाजारी तो आधी तिच्या पाटीपाशी जाई, आणि चिमूट तोंडात टाकून डोळे मिटे. “याला म्हणत्यात खवा!” गजराबाई समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याचा गळा बघायची. चिमूट आत गेली, घाटी वर झाली, खाली आली. गिळलं मेल्यानं. माझ्याच हातचं गिळलं. त्या घाटीच्या वर-खाली होण्यावर तिनं वर्षं काढली. अन्वरी म्हणायची, सांगून टाकू का त्याला? गजराबाई म्हणायची, खबरदार! अजून वेळ आली न्हाय.

वेळ आली ती विधेयकाच्या पायानं.

सरकारनं खवा, गूळ, पेढे असल्या मालाच्या भट्ट्यांसाठी नवा कायदा आणायचं ठरवलं. दर भट्टीला परवाना. लाकडाचं जळण बंद. शाळा-वस्तीजवळ भट्टी नको. आणि कुणीही निनावी तक्रार केली तर भट्टी आधी बंद, चौकशी मागनं. एकदा बंद झालेल्याला पुन्हा परवाना नाही. भूममध्ये ही बातमी आली तेव्हा भट्ट्यांवर सुतक पडलं. आनंद झाला तो एकट्या गजराबाईला. कारण मधल्या काळात अप्पानंही स्वतःच्या भट्ट्या काढल्या होत्या, शाळेच्या भिंतीला लागून, एका ओळीत. नवा कायदा झाला की सगळ्यात आधी त्या जाणार. तिनं अन्वरीच्या अंगणात बसून ते ऐकलं आणि मोठ्यानं हसली.

“हसताव काय आक्का? माझी बी जाईल की भट्टी,” अन्वरी म्हणाली.

“जाऊ दे. त्याची जातीया ना? मग आपली बी जाऊ दे.”

अन्वरी तशीच उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं कोपऱ्यातल्या कढईत दूध ओतून ठेवलं आणि गजराबाईकडं न बघता स्वतःच्या कढईशी जाऊन बसली. गजराबाईला ते शिव्या खाण्यापेक्षा झोंबलं. पण राग काही हटला नाही, फक्त अवघडून बसला.

ह्याच सुमारास मुक्त उद्योग मंचाची माणसं भूममध्ये आली. मंचाचं ऑफिस धाराशिवला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं की ही मंडळी सगळी विधेयकं घेऊन बसतात आणि एकेकावर आपली भूमिका जाहीर करतात. सलूनवाल्यांना परवाना? विरोध. आठवडी बाजारात बसायला ओळखपत्र? विरोध. खासगी शिकवण्यांची फी सरकार ठरवणार? विरोध. विधेयक उघडायच्या आधीच हे ‘विरोध’ लिहून ठेवतात, अशी लोक त्यांची चेष्टा करत. पण वाचत मात्र शेवटच्या ओळीपर्यंत, हे मान्य करावं लागेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला धंदा करायचाय त्याला करू द्या. फसवलं तर धरा, शिक्षा करा, पण आधीच हात बांधू नका.

मंचाची निकिता नावाची तरुण वकील घरोघर फिरत होती. सील लागलेल्या भट्टीची बाई म्हटल्यावर ती अन्वरीच्या भट्टीवर गजराबाईकडं आलीच.

“मावशी, ह्या विधेयकावर आमदारांची समिती धाराशिवला येतेय, त्या सुनावणीला तुम्ही बोललं पाहिजे. सरकारनं तुमच्यावर किती अन्याय केला ते सांगा.”

“सरकारनं?” गजराबाई म्हणाली. “सरकारला काय सपान पडलं हुतं व्हय माझ्या भट्टीचं? माणसानं बोलावलं त्याला. त्या माणसाला ह्यो कायदा नको हाय, म्हणून मला कायदा पायजे.”

निकिता चिवट होती, आणि थुंकल्याची गोष्ट तिच्या कानावर आली होती, थुंकणाऱ्याचं नाव वगळून. “पण मावशी, निनावी तक्रारीवर भट्टी बंद करायची ताकद नसती, तर तो माणूस थुंकला असता आणि घरी गेला असता. दुसऱ्या गिऱ्हाइकानं चाखून बघितलं असतं. तुमचा खवा खड्ड्यात गेला नसता. आणि आता तीच ताकद ते दुप्पट करतायत.”

“मंग तुमचं म्हणणं काय? लबाडाला मोकळं सोडायचं?”

“नाही. तक्रार करा, पण नाव सांगून करा. समोर उभं राहून करा. खोटी निघाली तर निस्तरा. तक्रारदाराचं नाव उघड असलं पाहिजे, हीच आमची मुख्य मागणी आहे.”

गजराबाईच्या हातातलं खुरपं कढईत थांबलं. दूध खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठं तिनं पुन्हा ढवळायला सुरुवात केली. “समूर उभं ऱ्हाऊन,” ती स्वतःशी पुटपुटली. पण येते असं काही म्हणाली नाही.

ती तयार झाली मंचाच्या सभेत, आणि तेही अप्पामुळंच. सभा होती अप्पाच्या गोदामात, खुर्च्या अप्पाच्या, चहा अप्पाचा. भट्ट्या वाचवायच्या म्हणून अप्पा आता स्वातंत्र्याचा मोठाच भक्त झाला होता. मंचाचा बिल्ला छातीला लावून तो सगळ्यांचं स्वागत करत होता. गजराबाईला बघून पुढं आला आणि हात जोडून, चारजणांना ऐकू जाईल असं म्हणाला, “या गजराबाई. झालं गेलं ते इसरा. आता आपुन एका बाजूचे.”

गजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इसरा? ह्यानं थुंकायचं आणि तिनं विसरायचं? वरून एका बाजूचे! तिनं त्याच क्षणी ठरवलं. ती सरळ निकितापाशी गेली.

“म्या बोलनार सुनावनीला. पन काय बोलनार ते इचारू नगं. नाव घेऊन बोलनार.”

निकितानं तिच्या नजरेच्या रोखानं अप्पाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तोवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे गोदाम, ह्या खुर्च्या, सुनावणीला माणसं न्यायच्या गाड्या, सगळं त्याच माणसाचं. तरीही ती म्हणाली, “तुमचं बोलणं तुमचं आहे, मावशी. आम्ही कुणाच्या तोंडावर हात ठेवत नाही. ठेवला तर मंच कशाला म्हणायचं?”

सुनावणीच्या दिवशी अप्पाच्या गाड्या भरून निघाल्या. गजराबाई त्यात बसली नाही. अन्वरीला घेऊन ती एसटीनं धाराशिवला निघाली. येडशीचा फाटा मागं पडल्यावर अन्वरीनं विचारलं, “आक्का, कायद्याच्या बाजूनं बोलनार का इरोधात?”

“अप्पाच्या इरोधात,” गजराबाई म्हणाली, आणि मांडीवरचा स्टीलचा डबा घट्ट धरला.

हॉलमध्ये आमदारांची समिती बसली होती. अधिकाऱ्यानं विधेयक समजावून सांगितलं. निकितानं मंचाची भूमिका मांडली, मुद्देसूद आणि जरा भरभर. निनावी तक्रारीच्या कलमावर अधिकारी उठला. “साहेब, नाव उघड केलं तर सामान्य गिऱ्हाईक तक्रारच करणार नाही. आणि निनावी असली तरी तक्रार खरीच असते. आमच्याकडं आजवर एकही खोटी निघालेली नाही.” अध्यक्षांनी मान डोलावली. खोटी तक्रार करायला कुणाला काय पडलंय, असं तेही म्हणाले. निकितानं कागद चाळले. खोटी तक्रार दाखवायची तर तक्रारदार हवा, आणि तक्रारदाराला नावच नाही. मागं बसलेल्या भट्टीवाल्यांची तोंडं पडली.

तेव्हा गजराबाईचं नाव पुकारलं. ती पुढं गेली आणि माईकपाशी उभी राहून डब्याचं झाकण काढलं.

“साहेब, आमच्यात आदी चाखत्यात, मग बोलत्यात. ह्या खव्याची पारख आमच्या अप्पांनी करावी. आमच्या बाजाराची जीभ हाये ती.”

अध्यक्षांना मौज वाटली. पहिल्या रांगेतून अप्पा उठला, इकडं तिकडं नमस्कार करत आला. एवढ्या आमदारांपुढं पारख करायची, आणि वर हिच्याच तोंडून मान! गजराबाईनं चिमूट काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं चोळली, हुंगली, तोंडात टाकली, डोळे मिटले. घाटी वर झाली, खाली आली.

“अस्सल, साहेब. ह्यो अन्वरीच्या भट्टीचा. झोपेत चारला तरी सांगेन.”

“नक्की, अप्पा?” गजराबाईनं विचारलं. “पीठबीठ न्हाय ना?”

“छ्या! ही जीभ आजवर कवा चुकली न्हाय.”

“ऐकलं ना साहेब?” ती अध्यक्षांकडं वळली. “ह्यो खवा माझ्या हातचा हाय. अन्वरीच्या भट्टीवर कोपऱ्यातली कढई माझी. इतकी वर्सं ह्ये माझाच खवा गिळत्यात आन् वा वा करत्यात. त्याच्या आदी माझी सोताची भट्टी हुती. तवा ह्याच हाताचा, ह्याच चवीचा खवा ह्या अप्पांनी भर बाजारात थुंकला. पीठ म्हनले. मागून जीप आली, खवा खड्ड्यात घातला, भट्टीला सील लागलं ते अजून हाय. आता त्यांनाच इचारा. ही जीभ कवा चुकत न्हाय, मग तवा काय झालं? आन् तक्रार कुनी केली, त्ये बी इचारा.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “तक्रार तुम्ही केली होती?”

अप्पा उभाच होता. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते सगळ्यांना दिसत होतं. जीभ चुकली म्हणावं, तर अडत बुडाली. काही ठाऊक नाही म्हणावं, तर अधिकाऱ्याचं खरं ठरणार, मंचाचं सगळं म्हणणं पडणार, कायदा होणार आणि शाळेच्या भिंतीजवळच्या भट्ट्यांवर नांगर फिरणार. मागनं एक भट्टीवाला ओरडला, “बोला की अप्पा! सगळ्यांच्या कढया पालथ्या घालताव का?” मग दुसरा. मग सगळेच. ज्यांनी इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं त्यांनाही आता कंठ फुटला, कारण आता त्यांचं स्वतःचं जळत होतं. गजराबाईनं त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. तिला त्यांचाही हिशेब करायचा होता, पण नंतर.

“म्याच केली हुती,” अप्पा म्हणाला.

“खरी की खोटी?”

“खोटी.” त्यानं ओठ पुसले. “खवा चांगला हुता, साहेब. जीभ चुकली नव्हती.”

बिचाऱ्याला वाटलं, जीभ तरी वाचवली. पण चुकलेल्या जिभेला बाजार एकवेळ माफ करतो. खोटं बोलणाऱ्या जिभेवर माल कोण घेणार? सुनावणीची बातमी पसरली तशी सोलापूरची मंडळी स्वतः येऊन चाखू लागली, आणि अप्पाच्या गादीवर दुपारी माश्या बसायला लागल्या. समितीनं निनावी तक्रारीचं कलम काढायची शिफारस केली. बाकीचं विधेयक अजून घोळात आहे आणि मंच त्यालाही विरोध करतोच आहे, ते त्यांचं ते जाणोत. गजराबाईच्या दाराचं सील मात्र निघालं. कुणाच्या हुकमानं निघालं ते तिनं विचारलं नाही. तिनं कढया घासल्या आणि अन्वरीला म्हणाली, “तुझी भट्टी जाऊ दे म्हनले हुते म्या. मनात धरू नगंस.” अन्वरी म्हणाली, “धरलंय की. पहिली चिमूट मला देशीला तर सोडीन.”

पहिल्या बाजारी गजराबाई स्वतःच्या नावाची पाटी घेऊन बसली. पहिली चिमूट अन्वरीनं खाल्ली. निकिताही मुद्दाम धाराशिवहून आली होती. गर्दी झाली, आणि त्या गर्दीतून वाट काढत अप्पा आला. सोलापूरच्या एका जुन्या हलवायानं त्याला निरोप धाडला होता, की गजराबाईचा खवा आणून देत असशील तरच पुढं व्यवहार. इस्त्रीचा सदरा होता, पण माणूस आतून ढिला झाला होता.

त्यानं हात पुढं केला. गजराबाईनं नियमाप्रमाणं चिमूट ठेवली. तो चोळून गिळून म्हणाला, “लई झ्याक. सगळी पाटी माझी. भाव तुमी म्हनाल तो.”

“तुमाला इकायचा न्हाय.”

“दुप्पट घ्या.”

“न्हाय म्हनले ना.”

अप्पानं आजूबाजूला बघितलं. मग अगदी हळू बोलला, “बाई, समद्यांच्या म्होरं कबूल केलं म्या. अजून काय पायजे?”

निकिताचा जीव कळवळला. “मावशी, झालं की आता. माल तर विकायचाच आहे ना?”

“तुझा मंच काय म्हंतो, पोरी? इकायचं का न्हाय, ही कुनाची मर्जी?”

निकितानं खाली बघितलं. “विकणाऱ्याची.”

“सरकारला मधी पडता येतंय का?”

“नाही.”

“मंग तू बी पडू नगं.” गजराबाई अप्पाकडं वळली. “जवर माझ्या हातात खुरपं हाय तवर तुमाला चिमूट मिळंल, अप्पा. दर बाजारी या, चाखा, गिळा. माल मिळनार न्हाय.”

अप्पाच्या तळहातावर तूप चकाकत होतं. सवयीनं त्याचा हात पाटीवरच्या फडक्याकडं गेला. गजराबाईनं फडकं ओढून घेतलं. तो तसाच हात अंगापासून लांब धरून, सदऱ्याला लागू नये म्हणून जपत, सगळ्या बाजाराच्या देखत चालत गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं फडकं पाटीवर नीट पसरलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “हात करा.”